नवऱ्याने दिलेलं उत्तर

राजसच्या डोक्यात एखादी गोष्ट आली की ती आधी जेवणाच्या टेबलावर उतरते आणि मग एक्सेलमध्ये जाते. वसंतात त्याला बढती मिळाली, त्याच आठवड्यात भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "आपण आता प्रायव्हेटमध्ये जायचं का?"

म्हणजे आरोग्यविमा. जर्मनीत तो दोन जातींचा. एकाला आमच्यातले सगळे 'पब्लिक' म्हणतात. त्यात कमावणाऱ्याच्या पगारातून हप्ता कापला जातो आणि न कमावणारी बायको नि पोरं त्याच हप्त्यात सामावतात, एस.टी.त आईच्या मांडीवर बसवलेल्या मुलासारखी. दुसरा प्रायव्हेट. पगार ठरावीक रेषेच्या वर गेला की तिकडे जाता येतं. तिथे मांडीवर कोणी बसत नाही, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. पण डॉक्टर लवकर भेटतो, हॉस्पिटलात स्वतंत्र खोली मिळते, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये चारचौघांत 'आम्ही प्रायव्हेट' असं म्हणता येतं. राजसला गुडघा दाखवायला हिवाळ्यातून उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं होतं आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या प्रायव्हेटवाल्या सहकाऱ्याला त्याच डॉक्टरने आठवड्याच्या आत बोलावलं होतं. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखत होतं.

मी त्याला आमटी वाढली आणि म्हणाले, "बघ तुला पटतंय तसं." मनात मात्र म्हटलं, प्रायव्हेट नकोच.

का, ते सांगते. दर मंगळवारी सकाळी, ईप्सिता शाळेत आणि राजस कामावर गेला की मी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, फॉयरझे स्टेशनला उतरते आणि एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्राउ ब्रांट नावाच्या मानसोपचार करणाऱ्या बाईंसमोर जाऊन बसते. जवळजवळ तासभर बोलते. मग खाली येऊन तळ्याकाठच्या बाकावर थोडा वेळ बसते, नाक पुसते, भाजी घेते आणि घरी येते. हे राजसला माहीत नाही. नाशिकला माझ्या आईला माहीत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या एकाही बाईला माहीत नाही. पब्लिकमध्ये हे जमतं. तिथे कार्ड दाखवायचं आणि सुटायचं, पैशांचं डॉक्टर आणि विमावाले आपापसात बघतात. प्रायव्हेटमध्ये बिल घरी येतं, पोस्टाने, कशावर उपचार केले ते लिहिलेलं. आणि आमच्याकडचं पोस्ट राजस फोडतो.

मी मुळात गप्प बसणारी बाई नव्हे. नाशिकला मी अकरावी-बारावीच्या क्लासला केमिस्ट्री शिकवायचे. वर्ग भरून पोरं, फळ्यावर बेंझीन, घसा कायम बसलेला. संध्याकाळी घरी आल्यावर कोणी बोलायला आलं की वैताग यायचा. देवाने तो वैताग बरोबर लक्षात ठेवला असावा. लग्न होऊन स्टुटगार्टला आले, आणि इथे असेही दिवस गेले की दिवसभरात मोठ्या माणसाने माझ्याशी बोललेलं वाक्य एकच, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या बाईचं: "पावती हवी का?" मी हो म्हणायचे. पावतीचं मला काय करायचंय? पण हो म्हटलं की ती "घ्या" असंही म्हणायची.

ईप्सिता लहान होती तोवर तिच्याशी बोलून दिवस ढकलला. ती शाळेत जायला लागली आणि घरात जर्मन शिरलं. मी मराठीत विचारते, तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि तेही पाठमोरं. एका हिवाळ्यात मला सकाळी उठवेना. डबे भरायचे, दोघांना दाराबाहेर काढायचं आणि परत अंथरुणात शिरून शाळा सुटेपर्यंत भिंतीकडे बघत पडायचं. डोकं दुखतंय असं सांगून मी नेहमीच्या डॉक्टरकडे गेले. त्याने रक्तदाब घेतला आणि विचारलं, "शेवटचं मनापासून कधी हसलात?" मी उत्तराचं वाक्य मनात जुळवायला लागले, क्रियापद शेवटी घ्यायचं की मध्ये याचा विचार करता करता रडायला लागले. त्याने फ्राउ ब्रांटचा नंबर दिला. तिच्याकडे जागा मिळायला पुढे बरेच महिने गेले. ते महिने कसे काढले ते माझं मला ठाऊक.

राजसला का सांगितलं नाही? राजस वाईट माणूस नाही, हे मी कोणाच्याही समोर सांगेन. तो गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर. बिघाड सांगितला की तो कारण शोधतो, कारण सापडलं की उपाय करतो, आणि उपाय झाला की विषय संपला. एकदा मी त्याला म्हणाले होते, "राजस, मला इथे फार एकटं वाटतं रे." त्याने दोन दिवस मनापासून विचार केला आणि घर झाडणारा रोबो आणला. तुला वेळ मिळेल, म्हणाला. अरे, वेळच तर जात नव्हता. रोबो अजून आहे. सोफ्याखाली अडकला की तो ओरडतो आणि राजस धावत जाऊन त्याला सोडवतो.

तर, प्रायव्हेट. राजसने हृषिकेशला बोलावलं. हृषिकेश हा त्याचा जुना सहकारी. पुढे ती नोकरी गेली आणि तो विम्यात शिरला. आता स्टुटगार्टच्या आसपासच्या निम्म्या मराठी घरांचा विमा त्याच्याकडे आहे, कारण तो मराठीत समजावतो, शनिवारी घरी येतो आणि पुढे ठेवाल ते खातो. कोणाच्या पित्ताशयात खडा, कोणाची साखर वाढलेली, त्याला सगळ्या खबरा. त्याने कुठे काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण मंडळ ते मंडळ. तिथे कढईतला वडा वर यायच्या आत बातमी चारी टोकांना पोचते. हृषिकेशला कळलं म्हणजे पुढच्या गणपतीत मोदक वळताना बायका माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघणार, हे मी धरून चालले होते.

त्या शनिवारी दुपारी ईप्सिता मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मी थालीपीठं लावली. हृषिकेशने दोन संपवली, हात धुतले आणि लॅपटॉप उघडला.

"आल्झो, तर," तो म्हणाला, "आधी नीट समजून घे. पब्लिक तुला काही विचारत नाही. धडधाकट असो, खाटेला खिळलेला असो, आत घेते. प्रायव्हेट आधी सगळं विचारते आणि मग ठरवते, घ्यायचं का नाही. आणि एकदा तिकडे गेलास की परत येणं सोपं नाही."

"गेनाऊ, बरोबर. वाचलंय मी सगळं," राजस म्हणाला.

"वहिनी आणि मुलगी तुझ्यामुळे आत आहेत. तू बाहेर पडलास की त्याही बाहेर. म्हणजे तिघांचे तीन अर्ज, तिघांना प्रश्न."

"विचार की. आमच्या घरात औषधाला आजारी माणूस मिळायचा नाही."

राजसचे प्रश्न झाले. गुडघ्याबद्दल बरंच काही लिहून झालं. ईप्सिताचे झाले. मग माझा अर्ज निघाला. हृषिकेश प्रश्न वाचायचा माझ्याकडे बघून, उत्तर यायचं राजसकडून. ऑपरेशन? नाही. ॲलर्जी? नाही. झोप? "पडल्या पडल्या घोरते." दात? उत्तम. चष्मा? नाही.

"वाचायचा आहे," मी म्हणाले.

"अरे हो," राजस म्हणाला.

मला गंमत वाटत होती, आणि गंमतीच्या खाली काहीतरी तुटत होतं. पाठ दुखते का, दम लागतो का, भूक लागते का, झोप येते का. इतक्या वर्षांत या घरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका विमा कंपनीने, तेही मी तोट्यात घालणार का हे बघायला.

हृषिकेशने पुढचं पान उघडलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "राजस, जरा पाणी आण ना."

मी उठले. आमच्यात पाहुण्याने कोणाचंही नाव घेऊन पाणी मागू दे, उठते बाई. त्यात विचार नसतो, पायच उठतात.

"वहिनी, तुम्ही बसा हो," हृषिकेश घाईने म्हणाला.

"असू दे, मला चहाही टाकायचाय," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथून सगळं ऐकू येतं. हृषिकेश काही बोलेना. राजसला रिकामं बसवत नाही, त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला असावा, कारण तोच मोठ्याने वाचायला लागला. "गेल्या पाच वर्षांत मानसोपचार, समुपदेशन वगैरे? नाईन, नाही. हिला कसलं वेड लागतंय, हीच मला वेड लावते. पुढे."

नळ चालू होता. ग्लास भरून पाणी माझ्या हातावरून वाहत होतं. मला राजसचा राग आला नाही. मी तिथे बसले असते तर मीसुद्धा 'नाही'च म्हणाले असते, हे मला माहीत होतं. आता तर मला म्हणावंही लागलं नव्हतं. फक्त सही करायची. आम्ही प्रायव्हेट होणार, मग फ्राउ ब्रांटचं पहिलं बिल घरी येणार, ते येऊ नये म्हणून मी जाणं थांबवणार. मंगळवारी मी कुठे जाणार? परत भिंतीकडे. त्या भिंतीची मला इतकी भीती वाटली की ग्लास खाली ठेवून मी दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली.

मग नळ बंद केला आणि पाणी घेऊन बाहेर आले. हृषिकेशने ग्लासाला हात लावला नाही.

"राजस," तो म्हणाला, "बुडबुड्यांचं पाणी आहे का रे? थालीपीठ जड झालंय."

"तळघरात क्रेट आहे," राजस म्हणाला.

"मग तूच आण. वहिनींना काय तळघरात पाठवतोस."

राजस किल्ल्या घेऊन गुडघा सांभाळत खाली गेला. दार लागलं. हृषिकेश लॅपटॉपकडेच बघत होता.

"या प्रश्नाला मी नेहमी पाणी मागतो, वहिनी," तो म्हणाला. "नवऱ्याच्या अर्जाला बायकोकडे, बायकोच्या अर्जाला नवऱ्याकडे. ज्याला विचारायचं तो एकटा राहावा म्हणून. आपल्याकडे घोळ असा होतो की बायकोच्या वेळेलाही बायकोच उठते. या प्रश्नाला नवऱ्याने दिलेलं उत्तर मी धरत नाही. खोटं निघालं तर कंपनी ऐन आजारपणात हात वर करते. तुमचं उत्तर नाही असेल तर नाही."

"हो आहे," मी म्हणाले.

"अजून चालू आहे?"

"दर मंगळवारी."

मी चपलेचा नंबर सांगितल्यासारखी त्याने मान हलवली. "मग कंपनी तुम्हाला घेणार नाही. जवळपास कुठलीच नाही घेणार. म्हणजे राजसने पब्लिकमध्येच राहणं बरं, नाहीतर तुमचे हाल होतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याला माहीत नाही ना? हरकत नाही. मी सांगतो, तुझ्या गुडघ्यावरून अडलं. तुमचं नाव येणार नाही. बऱ्याच घरी मी असंच सांगतो."

इतका दिलासा मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. कार्ड राहणार, मंगळवार राहणार, कोणाला काही कळणार नाही. मी 'बरं होईल' म्हणणारच होते, आणि माझ्या मनात आलं, बऱ्याच घरी म्हणजे कोणाच्या?

गेल्या गणपतीत वैभवी माझ्या शेजारी बसून मोदक वळत होती. मंडळातली सगळ्यात हसरी बाई. बोलता बोलता म्हणाली होती, "आम्हीपण प्रायव्हेटचं बघितलं गं. मयुरेशच्या बीपीवरून अडलं." मी म्हणाले होते, "अगंबाई, एवढ्या लहान वयात बीपी?" ती म्हणाली, "हो ना," आणि पुढची पारी घेतली. खरंच बीपी असेल. मला काय माहीत? पण नसेल तर आम्ही दोघी एका परातीवर वाकून, कोपराला कोपर लावून, तासभर सारणात गूळ कमी पडला का यावर बोललो होतो. एक नवऱ्याच्या बीपीमागे बसलेली, दुसरी आता नवऱ्याच्या गुडघ्यामागे बसणार. पुढच्या गणपतीत परत मोदक.

जिन्यावर राजसची पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं.

तो बाटली घेऊन आत आला आणि हृषिकेशने सुरुवात केली. "राजस, बस जरा. मी बघत होतो, तुझ्या गुडघ्याचं जे लिहिलंय ना, त्यावरून जरा..."

राजसचा चेहरा पडला. त्याचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. भर वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या पोरासारखा तो दिसला आणि मला ते बघवेना. त्या बिचाऱ्या गुडघ्याने काहीही केलं नव्हतं.

"गुडघ्याचं नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे अडलंय. मी दर मंगळवारी मानसोपचाराला जाते. वर्ष होऊन गेलं."

राजसने हृषिकेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कशाला?"

"बोलायला."

"कोणाशी? कोणी मराठी आहे?"

"नाही. जर्मन बाई आहे."

"म्हणजे तू तिच्याशी जर्मनमध्ये बोलतेस? तासभर?" तो खरोखर विचारात पडला होता. "तुला एवढं जर्मन येतं?"

"येतं."

"मग शाळेतल्या पालकसभेला तू कधी..."

"तिथे तू बोलतोस."

त्याने हातातली बाटली टेबलावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत मला जे दिसेल असं वाटत होतं, कीव, भीती, लोक काय म्हणतील, त्यातलं काही नव्हतं. तो दुखावला होता. आपल्या घरात आपल्याला माहीत नसलेली एक बाई राहते, हे त्याला आत्ताच कळलं होतं. मला त्याची दया आली. मला तर ते कधीचं माहीत होतं.

हृषिकेशने लॅपटॉप बंद केला. "पब्लिकच ठेवा तुम्ही," तो म्हणाला. "पब्लिक चांगलं आहे." मी त्याला थालीपीठाचा डबा भरून दिला, तो त्याने नको नको म्हणत घेतला. दारात माझ्याकडे वळून म्हणाला, "येतो, वहिनी." बाकी काही बोलला नाही. मला तो माणूस त्या क्षणी सख्ख्या भावासारखा वाटला.

दार लागल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. राजसने टेबल आवरायला घेतलं. ताटल्या एकात एक घातल्या, परत काढल्या.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"मग ईप्सिता? की माझ्या आईचं काही?"

"कोणाचं काही नाही."

"काहीतरी कारण असेलच ना."

मला फ्राउ ब्रांटपुढे मोडक्या-तोडक्या वाक्यांत सांगता येतं ते सगळं आठवत होतं. गल्ल्यावरची बाई, भिंत, पाठमोरी ईप्सिता. पण राजससमोर, माझ्या स्वतःच्या भाषेत, त्याची सुरुवात कुठून करायची ते कळेना. वर्ग भरून पोरांना बेंझीन समजावणारी मी, आणि नवऱ्याला एक वाक्य सांगता येईना.

"ती काय विचारते तुला?" राजसने ताटल्यांकडे बघत विचारलं.

"सुरुवातीला दर वेळी एकच. आज कसं वाटतंय."

"बस?"

"बस."

"आणि तू काय सांगतेस?"

"खरं असेल ते."

त्याने ताटल्या खाली ठेवल्या. हात पँटला पुसले. परीक्षेला बसल्यासारखा समोर उभा राहिला आणि म्हणाला, "सुकन्या, आज कसं वाटतंय?"

त्याने मनापासून विचारलं होतं, आणि मला ते दिसत होतं.

"बरं आहे," मी म्हणाले.

तोंडातून गेलंच. आईला फोनवर सांगते तसं, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगते तसं. राजसचे खांदे खाली आले. त्याला हायसं वाटलं. "चल, बरं झालं," असं काहीतरी पुटपुटला आणि घड्याळ बघून म्हणाला, "ईप्सिताला आणायची वेळ झाली." पॅसेजमध्ये जाऊन, वाकून तो बूट घालायला लागला. मी टेबलापाशी उभी राहून त्याची पाठ बघत होते. दार उघडणार, तो जाणार, विषय संपणार. यावेळी उत्तर राजसने दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

"राजस," मी म्हणाले. "परत विचार."

एक बूट पायात आणि एक हातात, असा तो सरळ उभा राहिला.